शंकरराव चव्हाण

शंकरराव भाऊराव चव्हाण (१४ जुलै १९२० – २६ फेब्रुवारी २००४) हे महाराष्ट्रातील काँग्रेसचे नेते, दोन वेळा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री आणि केंद्रात संरक्षण, अर्थ व गृह ही खाती सांभाळलेले राजकारणी होते. मुख्यमंत्रिपदावर पोहोचलेले ते मराठवाड्यातील पहिले नेते होत. त्यांचे पहिले मुख्यमंत्रिपद २१ फेब्रुवारी १९७५ ते मे १९७७ आणि दुसरे १२ मार्च १९८६ ते जून १९८८ या काळातील आहे. दोन्ही वेळा त्यांना विधानसभेची पूर्ण मुदत मिळाली नाही. याउलट पाटबंधारे खात्याचा कारभार त्यांच्याकडे दीर्घकाळ राहिला. पूर्णा, जायकवाडी आणि विष्णुपुरी या गोदावरी खोऱ्यातील प्रकल्पांशी त्यांचे नाव जोडले जाते. या प्रकल्पांचा परभणी, नांदेड, जालना आणि हिंगोली या जिल्ह्यांतील शेतीवर मोठा परिणाम झाला.

प्रारंभिक जीवन

शंकरराव चव्हाण यांचा जन्म गोदावरीकाठच्या पैठण येथे झाला. पैठण तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील औरंगाबाद जिल्ह्यात (आताचा छत्रपती संभाजीनगर जिल्हा) होते. मद्रास विद्यापीठाची कला शाखेची पदवी घेतल्यानंतर त्यांनी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून कायद्याची पदवी मिळवली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कार्यात ते सहभागी झाले. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतरच्या काळात नांदेड हे त्यांच्या राजकारणाचे केंद्र बनले.

हैदराबाद मुक्तिसंग्रामातून पुढे आलेल्या मराठवाड्यातील कार्यकर्त्यांची पिढी दोन स्थित्यंतरांतून गेली. नोव्हेंबर १९५६ मध्ये हैदराबाद राज्य विसर्जित होऊन औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठीभाषक जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. या जिल्ह्यांत रेल्वे, वीज, शाळा आणि सिंचन यांची वानवा होती. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने उभे राहत असताना मराठवाड्यातील बहुतेक शेती पावसावर अवलंबून होती. अनुशेष हा शब्द महाराष्ट्राच्या राजकारणात पुढे रूढ झाला, त्यामागे ही परिस्थिती होती.

नगरपालिकेपासून मंत्रिमंडळापर्यंत

१९५२ ते १९५६ या काळात चव्हाण नांदेड नगरपालिकेचे अध्यक्ष होते. द्विभाषिक मुंबई राज्याच्या मंत्रिमंडळात यशवंतराव चव्हाण यांनी त्यांना महसूल खात्याचे उपमंत्री केले. दोघांचे आडनाव एकच असले तरी त्यांच्यात नाते नव्हते. यशवंतराव कराडचे, तर शंकरराव पैठणचे होते.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर शंकररावांकडे पाटबंधारे व वीज हे खाते आले. मारोतराव कन्नमवार आणि वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दींतही हे खाते प्रामुख्याने त्यांच्याकडेच राहिले. पुढे त्यांनी कृषी खातेही सांभाळले. वसंतराव नाईक ५ डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत मुख्यमंत्री होते. या स्थिरतेमुळे एकाच मंत्र्याला एका खात्याचे काम आखणीपासून बांधकामापर्यंत पाहता आले.

पाटबंधारे मंत्री म्हणून कार्य

पूर्णा प्रकल्प

पूर्णा ही गोदावरीची उपनदी आहे. तिच्यावर तत्कालीन परभणी जिल्ह्यात येलदरी आणि सिद्धेश्वर ही दोन धरणे बांधण्यात आली. येलदरी धरण जिंतूर तालुक्यात असून ते १९६८ मध्ये पूर्ण झाले. त्याची साठवण क्षमता सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर आहे. धरणाच्या पायथ्याशी २२.५ मेगावॅट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे. येलदरीतून सोडलेले पाणी खालच्या सिद्धेश्वर धरणात अडवले जाते आणि तेथून कालव्यांद्वारे वसमत, पूर्णा व नांदेड या भागांकडे जाते. वरचे धरण साठवण व वीजनिर्मितीसाठी आणि खालचे कालव्यांसाठी, अशी या जोडधरणांची रचना आहे. १ मे १९९९ रोजी परभणीचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. तेव्हा सिद्धेश्वर धरण हिंगोलीत गेले आणि येलदरी परभणीत राहिले.

जायकवाडी प्रकल्प

गोदावरीवर मोठे धरण बांधण्याची कल्पना निजामाच्या राजवटीपासून चर्चेत होती. मूळ प्रस्तावातील जागा बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळ होती. नंतर पैठणजवळची जागा निश्चित झाली, तरी प्रकल्पाचे नाव जायकवाडीच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. पायाभरणीच्या वेळी चव्हाण पाटबंधारे खात्याचे मंत्री होते, तर उद्घाटनाच्या वेळी मुख्यमंत्री होते. धरणाच्या जलाशयाला नाथसागर हे नाव देण्यात आले.

हे मातीचे धरण सुमारे १० किलोमीटर लांब आहे. त्याला २७ दरवाजे आहेत. एकूण साठवण क्षमता सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर असून त्यापैकी २,१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे ७६.६५ टीएमसी (अब्ज घनफूट), हा उपयुक्त साठा आहे. गोदावरीचे पात्र येथे सपाट प्रदेशातून वाहत असल्याने जलाशय उथळ व विस्तीर्ण आहे. त्यामुळे बाष्पीभवनात मोठ्या प्रमाणावर पाणी जाते. जलाशयाखाली शंभराच्या आसपास गावांची जमीन गेली. त्या गावांच्या पुनर्वसनाचे प्रश्न दीर्घकाळ चालू राहिले.

धरणाचा डावा कालवा २०८ किलोमीटर आणि उजवा कालवा १३२ किलोमीटर लांबीचा आहे. डाव्या कालव्याचे नियोजित सिंचनक्षेत्र १,४१,६४० हेक्टर, तर उजव्याचे ४१,६८२ हेक्टर आहे. डावा कालवा औरंगाबाद व जालना जिल्ह्यांतून परभणी जिल्ह्यात येतो. पाथरी, मानवत आणि परभणी हे तालुके त्याच्या लाभक्षेत्रात आहेत. ज्वारी व कापूस यांवर अवलंबून असलेल्या या पट्ट्यात कालव्यामुळे ऊस, गहू आणि केळी यांचे क्षेत्र वाढले.

मुख्यमंत्रिपदाचा पहिला कालखंड (१९७५–१९७७)

वसंतराव नाईक यांच्या अकरा वर्षांहून अधिक काळाच्या कारकिर्दीनंतर इंदिरा गांधी यांनी फेब्रुवारी १९७५ मध्ये शंकरराव चव्हाण यांची मुख्यमंत्रिपदासाठी निवड केली. राज्यातील साखर कारखाने, जिल्हा बँका आणि जिल्हा परिषदा यांवर पश्चिम महाराष्ट्रातील नेतृत्वाचा प्रभाव होता. चव्हाण यांना तसे सहकारी संस्थांचे पाठबळ नव्हते. त्यामुळे पक्षश्रेष्ठींचा विश्वास हाच त्यांच्या पदाचा मुख्य आधार होता. प्रशासनातील शिस्त, वेळेचा आग्रह आणि फाइलींचे बारकाईने वाचन यांमुळे त्यांना ‘हेडमास्तर’ म्हटले जाऊ लागले.

चार महिन्यांतच, जून १९७५ मध्ये, देशात आणीबाणी जाहीर झाली. चव्हाण यांच्या पहिल्या कारकिर्दीचा मोठा भाग आणीबाणीत गेला. राज्यातील विरोधी पक्षांच्या अनेक नेत्यांना व कार्यकर्त्यांना स्थानबद्ध करण्यात आले आणि वृत्तपत्रांवर नियंत्रणे आली. याच काळात शेतजमीन कमाल धारणा कायद्याची सुधारित मर्यादा २ ऑक्टोबर १९७५ पासून लागू झाली. लहान शेतकरी, कारागीर व मजूर यांना खासगी सावकारी कर्जातून सोडवण्यासाठी कर्जमुक्तीचा कायदाही करण्यात आला. १९७६ मध्ये कुटुंबाच्या आकारावर मर्यादा घालणारे व सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक विधिमंडळाने मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते कायद्यात रूपांतरित झाले नाही.

गोदावरी पाणीवाटप करार

गोदावरी खोऱ्यातील राज्यांमधील तंट्यासाठी केंद्र सरकारने १९६९ मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला होता. लवादाचे काम चालू असताना राज्यांनी परस्परांशी करार केले. त्यांपैकी ६ ऑक्टोबर १९७५ चा महाराष्ट्र व आंध्र प्रदेश यांच्यातील करार मराठवाड्याच्या दृष्टीने निर्णायक ठरला. गोदावरीवर पैठण धरणापर्यंतचे आणि पूर्णेवर सिद्धेश्वर धरणापर्यंतचे सर्व पाणी वापरण्याची मुभा महाराष्ट्राला मिळाली. या स्थळांखालून, तसेच मांजरा नदीवर निजामसागराखालून, आंध्र प्रदेशातील पोचमपाड धरणापर्यंतच्या खोऱ्यात नव्या प्रकल्पांसाठी महाराष्ट्राचा वापर ६० टीएमसीपर्यंत मर्यादित करण्यात आला. पुढे लवादाच्या निवाड्यात या कराराचा समावेश झाला.

या करारामुळे राज्याला वरच्या खोऱ्यातील पाण्यावर निर्विवाद हक्क मिळाला. मात्र पैठणच्या वरच्या भागातील पाणी नाशिक व अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यांनी किती वापरावे आणि मराठवाड्यासाठी किती सोडावे, हा राज्यांतर्गत प्रश्न होता. करारात त्याचे उत्तर नव्हते. पैठणच्या खालच्या भागातील परभणी व नांदेड जिल्ह्यांच्या नव्या प्रकल्पांना ६० टीएमसीच्या मर्यादेत राहावे लागले. नांदेड जिल्ह्यातील बाभळी बंधाऱ्यावरून आंध्र प्रदेशाशी झालेल्या वादात हाच करार केंद्रस्थानी होता. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २.७४ टीएमसी साठ्याच्या या बंधाऱ्याला काही अटींवर मान्यता दिली.

१९७७ चा पराभव आणि पदत्याग

मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसला महाराष्ट्रातील ४८ पैकी २० जागा मिळाल्या. मराठवाड्यातही पक्षाची पीछेहाट झाली. परभणीतून शेतकरी कामगार पक्षाचे शेषराव देशमुख आणि नांदेडमधून त्याच पक्षाचे केशवराव धोंडगे विजयी झाले. मुख्यमंत्र्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यातील पराभवाने त्यांचे स्थान कमकुवत झाले. मे १९७७ मध्ये त्यांच्या जागी वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले.

काँग्रेसबाहेरील काळ

पदावरून दूर झाल्यानंतर चव्हाण यांनी महाराष्ट्र समाजवादी काँग्रेस हा वेगळा पक्ष काढला. १८ जुलै १९७८ रोजी शरद पवार यांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार स्थापन झाले. माजी मुख्यमंत्री असूनही चव्हाण त्यात मंत्री म्हणून सहभागी झाले. पुढे ते इंदिरा काँग्रेसमध्ये परतले आणि जानेवारी १९८० च्या निवडणुकीत नांदेडमधून लोकसभेवर निवडून गेले.

केंद्रीय मंत्रिमंडळात (१९८०–१९८६)

इंदिरा गांधी यांच्या मंत्रिमंडळात चव्हाण यांनी प्रथम शिक्षण व नंतर नियोजन ही खाती सांभाळली. ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्षही होते. १९८४ च्या उत्तरार्धात ते संरक्षणमंत्री झाले. इंदिरा गांधी यांच्या हत्येनंतर राजीव गांधी यांनी ३१ डिसेंबर १९८४ रोजी त्यांच्याकडे गृहखाते सोपवले. त्यांच्या गृहमंत्रिपदाच्या काळात, जुलै १९८५ मध्ये पंजाबविषयीचा राजीव–लोंगोवाल करार आणि ऑगस्ट १९८५ मध्ये आसाम करार झाला.

मुख्यमंत्रिपदाचा दुसरा कालखंड (१९८६–१९८८)

मार्च १९८६ मध्ये मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या जागी राजीव गांधी यांनी चव्हाण यांना दिल्लीहून मुंबईत पाठवले. त्यांनी रिक्त केलेल्या नांदेड लोकसभा मतदारसंघाच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र अशोक चव्हाण यांनी प्रकाश आंबेडकर यांचा पराभव केला.

या काळातील त्यांचा सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रशासकीय उपक्रम म्हणजे शून्याधारित अर्थसंकल्प. नेहमीच्या पद्धतीत मागील वर्षीच्या खर्चात थोडी वाढ करून नवी तरतूद केली जाते. शून्याधारित पद्धतीत प्रत्येक योजनेचा खर्च नव्याने पारखला जातो आणि जी योजना आपली उपयुक्तता सिद्ध करू शकत नाही, ती बंद किंवा विलीन होणे अपेक्षित असते. हा प्रयोग राज्यभर चर्चेत राहिला. योजना बंद होण्याची शक्यता असल्यामुळे खात्यांमध्ये व लोकप्रतिनिधींमध्ये त्याविषयी नाराजीही होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखनाचा चौथा खंड राज्य शासनाने १९८७ मध्ये प्रकाशित केला. त्यातील राम व कृष्ण यांच्यावरील प्रकरणाला शिवसेनेने विरोध केला, तर ते वगळू नये यासाठी दलित संघटनांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत मोठा मोर्चा काढला. अखेर शासन त्या मतांशी सहमत असेलच असे नाही, अशी टीप देऊन मूळ मजकूर कायम ठेवण्याचा तोडगा काढण्यात आला.

याच वर्षांत मराठवाड्याच्या राजकारणाची मांडणी बदलत होती. औरंगाबाद महापालिकेच्या १९८८ मधील पहिल्या निवडणुकीत शिवसेना सर्वांत मोठा पक्ष ठरली. पुढील वर्षी परभणी लोकसभा मतदारसंघातून शिवसेनेच्या पाठिंब्यावर अशोकराव देशमुख विजयी झाले. काँग्रेसमध्ये १९८६ च्या अखेरीस शरद पवार परतले होते. जून १९८८ मध्ये पक्षश्रेष्ठींनी मुख्यमंत्रिपद पवारांकडे दिले आणि चव्हाण यांना केंद्रात अर्थमंत्री केले.

केंद्रीय अर्थमंत्री आणि गृहमंत्री

जून १९८८ ते डिसेंबर १९८९ या काळात चव्हाण अर्थमंत्री होते. १९८९–९० चा केंद्रीय अर्थसंकल्प त्यांनी मांडला. ग्रामीण भागासाठीची जवाहर रोजगार योजना त्याच वर्षी सुरू झाली. १९८८ नंतर ते राज्यसभेचे सदस्य होते आणि १९९१ ते १९९६ या काळात त्या सभागृहाचे नेतेही होते.

पी. व्ही. नरसिंह राव यांच्या मंत्रिमंडळात ते २१ जून १९९१ पासून मे १९९६ पर्यंत गृहमंत्री होते. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येतील बाबरी मशीद पाडण्यात आली. उत्तर प्रदेश सरकारने वास्तूच्या संरक्षणाची हमी सर्वोच्च न्यायालयात दिली होती. तिच्यावर विसंबून केंद्राने राष्ट्रपती राजवट आधीच लागू केली नाही, अशी टीका पंतप्रधानांवर व गृहमंत्र्यांवर झाली. तत्कालीन केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांनी पुढे आपल्या आत्मकथनात लिहिले की, वास्तू ताब्यात घेण्याची योजना गृह मंत्रालयाने तयार केली होती, परंतु राजकीय पातळीवर ती स्वीकारली गेली नाही. त्यानंतरच्या मुंबईतील दंगली आणि १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट हेही चव्हाण यांच्या कार्यकाळातच झाले.

गुन्हेगार, राजकारणी व नोकरशहा यांच्या संबंधांचा अभ्यास करण्यासाठी १९९३ मध्ये व्होरा समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल १९९५ मध्ये संसदेत मांडला गेला. महाराष्ट्राच्या दृष्टीने या काळातील महत्त्वाची घटना म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) नुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी १९९४ मध्ये स्थापन झालेली वैधानिक विकास मंडळे होय. विभागांमधील अनुशेष मोजणे आणि निधीच्या न्याय्य वाटपासाठी राज्यपालांना शिफारशी करणे ही या मंडळांची प्रमुख कामे होती.

वारसा आणि मूल्यमापन

२००२ पर्यंत चव्हाण राज्यसभेत होते. २६ फेब्रुवारी २००४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र अशोक चव्हाण डिसेंबर २००८ मध्ये मुख्यमंत्री झाले. पिता-पुत्रांनी हे पद भूषवल्याचे हे महाराष्ट्रातील पहिले उदाहरण होय. नांदेडजवळील विष्णुपुरी उपसा सिंचन प्रकल्पाच्या जलाशयाला शंकरसागर हे नाव आहे. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

चव्हाण यांच्या कारकिर्दीकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते. सत्तेच्या राजकारणात ते पक्षश्रेष्ठींवर अवलंबून असलेले नेते होते. दोन्ही वेळा त्यांची नेमणूक दिल्लीतून झाली आणि दोन्ही वेळा राज्यातील प्रबळ गटांसमोर त्यांना पद सोडावे लागले. आणीबाणीतील कारभार आणि १९९२ मधील गृहखात्याची भूमिका यांसाठी त्यांच्यावर टीका होते. दुसरीकडे, दुर्लक्षित विभागात मोठी सिंचनव्यवस्था उभी करण्याचे श्रेय त्यांना विरोधकांनीही दिले.

या सिंचनव्यवस्थेचा लाभ नियोजनाइतका मिळाला नाही, हेही वास्तव आहे. जायकवाडीच्या वरच्या भागात धरणे व पाणीवापर वाढत गेल्याने नाथसागर अनेक वर्षे पूर्ण भरला नाही. शहरे व उद्योग यांची मागणी वाढली. उसासारख्या जास्त पाणी लागणाऱ्या पिकामुळे आणि कालव्यांतील गळतीमुळे डाव्या कालव्याच्या शेवटच्या टोकाकडील, म्हणजे परभणी जिल्ह्यातील, शेतकऱ्यांना पाण्याची वाट पाहावी लागते. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातील सर्व धरणांत समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व मान्य केले. त्यानुसार प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याची पद्धत त्या आदेशाने ठरवली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हे तत्त्व उचलून धरले. पैठणच्या वरचे पाणी राज्याचे, हे १९७५ च्या कराराने ठरले होते. त्यातील मराठवाड्याचा वाटा कायद्याने निश्चित होण्यास त्यानंतर सुमारे चार दशके लागली.